यंदाची गोळी

हरणासाठी कोणती गोळी घ्यावी याचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये कुणी केला नसेल, आणि माझ्याइतकी कमी हरणंही कुणी मारली नसतील. जड की हलकी, शिशाची की तांब्याची, हे मी उन्हाळाभर जेवताना बायकोला ऐकवलं. शेवटी ती ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायला लागली.

अखेर जड, शिशाची गोळी ठरली. नेम धरला तिथेच ती लागेल अशी रायफलीची दुर्बीण तिच्यावर जुळवली आणि कागदावर भोकंही छान एकमेकांना खेटून पाडली. इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण हंगामाच्या आदल्या दिवशी दुकानात तांब्याची नवी, हलकी, वेगवान गोळी दिसली आणि मी विरघळलो.

यंदा मला चुकून चालणार नव्हतं. जंगलातल्या आमच्या खोपटाची रीत अशी, की ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा आणि भिंतीला ठोकायचा. माझे तुकडे तिथे रांगेने आहेत. पण यंदा माझ्या अंगात बाबांचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट होता. बाबा वसंतात गेले. शर्टाला मागे ठिगळ होतं. उंदरांनी कुरतडला, असं आई सांगायची. बाबांचा नेम कधी चुकला नाही, हे तर आमच्या घरी सगळ्यांना पाठ. त्या शर्टाला कात्री लागू द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहाटे निघताना बाबांच्या धाकट्या भावाने, एल्मरकाकांनी, माझ्या हातातला काडतुसांचा डबा पाहिला.

"या गोळीवर दुर्बीण जुळवलीस का रे?"

"काका, हिचा वेग तर बघा."

"वेग असू दे. जुळवलीस का?"

"एवढ्याशा अंतरावर काही फरक पडत नाही."

मी हे कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते विचारू नका.

नर आला. माझ्या मचाणासमोर आडवा उभा राहिला. मी चाप ओढला आणि त्याच्या पाठीवरून पलीकडच्या उतारावर बर्फ उडाला. थोडं गोळीने वर नेलं, थोडं माझ्या घाईने. नर पांढरी शेपटी उभारून झाडीत निघून गेला.

खोपटात सॉसेज तळत होते. मला रिकाम्या हाताने आलेला पाहून काकांनी कात्री घेतली.

"काका, माझा दुसरा कुठलाही शर्ट कापा. हा नको. उंदरांनी कुरतडला तेवढा पुरे. बाबांचा नेम कधी..."

काकांनी शर्ट मागून उचलला, ठिगळावरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागले.

"उंदीर होय? वहिनी पण ना!"

त्यांनी चुलीमागच्या भिंतीवरचा एक काळवंडलेला तुकडा काढला आणि बाहीवर घासला. काजळीखाली लाल-काळ्या चौकड्या होत्या. लहानपणापासून मी तो तुकडा बघत आलो होतो.

"तो उंदीर मीच," काका म्हणाले. "तू पाळण्यात होतास तेव्हा. घरी सांगू नकोस म्हणाला होता तुझा बाप."

"पण चुकले कसे?"

"आदल्या दिवशी गोळ्या बदलल्या. वेगवान आहेत म्हणाला."

मला हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. बाबा गेल्यापासून इतके जवळचे ते कधी वाटले नव्हते. मी काकांकडे पाठ करून उभा राहिलो.

"ठिगळाच्या शेजारचं कापा," मी म्हणालो, "आणि बाबांच्याच खिळ्याला लावा."