लिस्बनची वीज

जोंगखा खोटी असणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

आमचं ऑफिस अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हारफुलांच्या दुकानाच्या वर आहे. एका परदेशी कंपनीसाठी आम्ही बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करतो. या खेपेला दोन भाषा होत्या: भूतानची जोंगखा आणि पोर्तुगालची पोर्तुगीज. तीच दोनशे वाक्यं दोन्ही भाषांत बोलून घ्यायची आणि वेग, विराम, आवाजाची उंची यांची तुलना करून द्यायची. माणसं शोधून रेकॉर्डिंग मागवायचं काम सुजितचं, तपासून सही करायचं काम माझं. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय. दोन्हींपैकी एकही भाषा मला येत नाही. ऑफिसचे मालक धर्मेश सर म्हणतात, ते बरंच आहे, शब्दांच्या अर्थात अडकायला होत नाही.

सुजितचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ही खेप पास झाली तर तो कायम होणार, नाहीतर त्याची सुट्टी. आम्ही पाच जण आहोत, त्यामुळे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पोर्तुगीज बाई अर्धे स्वर गिळायची, तरी मधूनच चावी, साबण असं, मराठीने तिकडूनच घेतलेलं, ओळखीचं काहीतरी कानावर यायचं. जोंगखात मला धरायला काही नव्हतं. सोबतच्या टिपणात होतं की क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आदर दाखवायला वाक्याच्या शेपटाला ‘ला’ लागतो, आणि आवाजाची उंची बदलली की काही शब्दांचा अर्थ बदलतो. आलेखात ती उंची दर वेळी फारच सारखी येत होती. माणूस इतकं सारखं बोलत नाही.

“ही बाई नक्की थिंफूचीच आहे?” मी विचारलं.

“मग काय आमच्या चामटोलीची?” सुजित म्हणाला. “शाळेत टीचर आहे ती. कायको इतना शक करती है यार?”

“आणि पोर्तुगीजवाली?”

“मारिया. लिस्बन. फॉर्मवर लिहिलंय ना, मॅडम.”

मला पोर्तुगीजबद्दल काहीच शंका नव्हती. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

भाषा येत नसली तरी विजेची गुणगुण मला वाचता येते. पंखा, चार्जर, ट्यूब यांची ती बारीक गुणगुण जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ती पन्नास हर्ट्झच्या आसपास सतत किंचित हलत असते, आणि एकाच वीजजाळ्यावरच्या सगळ्या गावांत एका क्षणी सारखीच हलते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी हे हलणं नोंदवणारी एक डबी बनवली होती. ती ऑफिसच्या प्लगला अजून लावलेलीच आहे. रेकॉर्डिंगची वेळ सर्व्हरवर असते. दोन रेषा एकमेकींवर ठेवायच्या, बस.

जोंगखाची रेषा आमच्या अंबरनाथच्या रेषेवर तंतोतंत बसली.

मी खुर्चीत मागे टेकले. सापडला, असं वाटलं. ‘रेकॉर्डिंग भारतातलं’ एवढं टाइप केलं आणि एक गोष्ट तपासायची राहिली म्हणून थांबले. भूतानचं वीजजाळं भारताच्या जाळ्याला जोडलेलं आहे. थिंफूची वीज आपल्या विजेसोबतच हलते. म्हणजे काहीच सिद्ध झालं नव्हतं.

टाइप केलेलं पुसलं. मग निव्वळ पद्धत पुरी करायची म्हणून पोर्तुगीज घेतली. पोर्तुगाल युरोपच्या जाळ्यावर, त्यामुळे ती रेषा वेगळी येणार आणि डबी नीट चालते हे कळणार.

तीही तंतोतंत बसली.

मी दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग घेतलं, मग तिसऱ्याचं. सगळी बसली. दुपारी सुजित डबा उघडत होता, तेव्हा मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

“लिस्बनमध्ये आपली वीज कशी काय जाते?”

त्याने डब्याचं झाकण परत लावलं. “सरांना सांगितलंस?”

“नाही.”

“चल मग. भेटवतो मारियाला.”

त्याच्या ॲक्टिव्हावरून आम्ही चिखलोलीला गेलो. नव्या टॉवरमध्ये सातवा मजला. दार उघडणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. नाव काशीबाई. सुजितने आधीच्या नोकरीत त्यांच्याकडे वायफाय बसवलं होतं, तेव्हा त्या टीव्हीवर पोर्तुगालच्या बातम्या ऐकत बसल्या होत्या म्हणे.

“मी मडगावची,” त्या म्हणाल्या. “सतरा वर्षांची होईपर्यंत पोर्तुगीज शाळेत होते. मास्तर पट्टीने बोटांवर मारायचे, म्हणून अजून विसरले नाही. वाचून दाखवू?”

त्यांनी वाचलं. मी ऐकत राहिले. आवाज तोच होता. पण त्या बरोबर वाचतायत की नाही, हे मला कसं कळणार? सुजितलाही कळत नव्हतं. त्या खोलीत पोर्तुगीज येणारं माणूस एकच होतं, आणि तेच साक्षीदार.

“फॉर्ममध्ये फक्त पोर्तुगालचीच शहरं होती,” सुजित माझ्याकडे न बघता म्हणाला. “गोवा नव्हतंच. मग मी...”

“मग काय लिहिलंस?” काशीबाईंनी विचारलं.

मी फोनवर फॉर्म उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

“मारिया. वय बावन्न.” त्यांनी फोन मला परत केला. “सुजित, चार शनिवार मी घसा कोरडा केला, तो या बाईसाठी?”

“सॉरी आजी.”

“चहा घ्या आणि जा. आणि तू, मुली, माझं नाव घाल तिथे. नाहीतर पुसून टाक सगळं.”

खाली आल्यावर सुजितने लगेच गाडी चालू केली नाही. “जोंगखा खरी आहे, करिष्मा. आईशपथ. तेवढी तरी सही कर.”

लिस्बनबद्दलही तो याच आवाजात बोलला होता. तो वाईट नव्हता, पण मला फरक मोजता येत नव्हता.

मी पोर्तुगीजच्या फॉर्मवर लिहिलं: काशीबाई, जन्म मडगाव, रेकॉर्डिंग चिखलोली. जोंगखाच्या फॉर्मवर लिहिलं: ठिकाण सिद्ध होत नाही. दोन्ही सरांना दिले.

कंपनीने काशीबाईंचे आवाज गोव्याच्या नावाने वेगळे ठेवून घेतले. जोंगखा मात्र त्यांनी व्हिडिओवर पुन्हा मागितली. सुजितला सरांनी मंगळवारीच कायमचं घरी पाठवलं. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला नाही.

बुधवारी व्हिडिओ कॉल मी घेतला. पडद्यावर चाळिशीची एक बाई आली, मागे भिंतीवर मुलांची चित्रं आणि शाळेचं वेळापत्रक. मी दिलेली वीस वाक्यं तिने वाचली. आवाजाची उंची दर वेळी तितकीच सारखी. तिचं बोलणंच तसं होतं, वर्गात रोज शिकवून घट्ट झालेलं. मी तरीही कोपऱ्यात गुणगुणीची रेषा चालू ठेवली होती.

वाचून झाल्यावर तिने इंग्रजीत विचारलं, “सुजित नाही आज?”

“तो रजेवर आहे,” मी म्हणाले, सुजितने लिस्बन म्हटलं होतं तितक्याच सहज.

ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने कॉल बंद केला.