आधी बसायचं, मग सांगायचं

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची तिवई आहे. माझ्या मालकीण, दवाखान्यातल्या सिस्टरबाई गेल्याचं आज दुपारी घरी कळलं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. फोन त्यांच्या यजमानांनी घेतला. ड्यूटीवर असतानाच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. सांगणारा माणूस घाईत होता. यजमान चौकट धरून उभेच राहिले. आतल्या खोलीत बाईंची म्हातारी आई पलंगावर बसली होती. तिने विचारलं, कोणाचा फोन? ते म्हणाले, चुकून लागला होता. संध्याकाळी बाईंना घरी आणणार आहेत. त्याआधी आईला सांगायला हवं.

मी मूळची इथली नाही. दूरच्या एका थंड देशात सुताराने माझे तीन पाय घासले आणि वर जाड कापडाची बैठक ताणली. तिथल्या दवाखान्यात मी या खाटेकडून त्या खाटेकडे फिरत असे. बाई तिथे शिकायला आल्या. एक नर्स रोग्याजवळ माझ्यावर बसलेली पाहून त्यांना वाटलं, काय आळशी बाई आहे, कामाच्या वेळी खुशाल बसते! त्या स्वतः मात्र हात मागे बांधून अदबीने उभ्या राहत. एकदा एका म्हाताऱ्या रोग्याने दुभाष्याकडून त्यांना विचारलं, "तुम्ही निघालात का? रोज निघालेल्याच दिसता." बाईंचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्या बसू लागल्या. वाईट बातमी असेल तर आधी बसायचं, समोरच्यापेक्षा खाली, आणि त्याने विचारेपर्यंत गप्प राहायचं, हेही त्या तिथेच शिकल्या. निघताना त्या नर्सने मला त्यांच्या हवाली केलं.

इथल्या दवाखान्यात आल्यावर मुख्य नर्स मेट्रनबाईंनी टोमणा मारला, "एवढ्या लांब जाऊन बसायला शिकलात होय?" बाई हसल्या, पण मला सोडलं नाही. पुढेपुढे रोग्यांचे नातेवाईक त्यांनाच शोधत येत. मग वॉर्डात नवं सामान आलं आणि मी अडगळ ठरले. बाईंनी मला घरी आणलं. माझ्यावर कांद्यांची टोपली बसली. परदेशी पाहुणीला बरं कामाला लावलंस, असं यजमान चिडवत.

मित्रांनो, जुनी वस्तू कोपऱ्यात गेली तर जाऊ द्या. पण तिच्यासोबत आलेली रीत तेवढी टाकू नका. कुणालाही वाईट बातमी उभ्याउभ्या सांगू नका.

मघाशी शेजारच्या वहिनी आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मीच सांगून टाकते पटकन. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

"नको वहिनी. तुम्ही फाटकाशी थांबा. कुणाला आत सोडू नका."

यजमानांनी माझ्यावरची टोपली खाली ठेवली, मला आईच्या पलंगासमोर नेऊन मांडलं आणि ते बसले. माझे पाय करकरले.

"आज बसलात?" आई म्हणाली. "रोज तर दारातूनच विचारता, हवं-नको."

ते गप्प. आईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हातातला पंखा बाजूला ठेवला.

"काय झालंय?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वहिनी कुणाला तरी अडवत आहेत.

त्यांनी अजून सांगितलेलं नाही.