तोफेचा कौल

टेंभीगडावर पूर्वी रविवारी चार पोरं फोटो काढायला चढायची. यंदा उन्हाळ्यात मात्र रोजची जत्रा सुरू झाली, कारण गडावरची जुनी तोफ बोलू लागली होती. पार उंब्रजपासून माणसं धापा टाकत वर येत होती. तोफेला शेंदूर फासलेला आणि शेजारी तोफनाथ महाराज व्याघ्रांबरावर बसलेले. व्याघ्रांबर नायलॉनचं होतं, पण भक्तानं इतकं बारकाईनं बघू नये.

"हे लोखंड न्हवं, माउली हाय," महाराज सांगायचे. "इतकी वर्सं गप हुती, माज्यासाठी तोंड उघडलं."

तोफेचं तोंड ओतल्या दिवसापासून उघडंच होतं, ते सोडा. महाराज तिच्या दोन्ही अंगांना झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवत. उजवी आधी पडली तर काम होणार, डावी पडली तर नाही. दुपारी नकार मिळालेला माणूस सकाळी पूजा घालून पुन्हा विचारी, तेव्हा उजवी पडे. तोफेचं मन रातोरात कसं वळतं, हे कुणी विचारलं नाही.

लालासाहेबांनीही नाही. ते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत दर दसऱ्याला तोफेची पूजा केलेली, तिनं कधी दगा दिला नव्हता. नात संयोगिता पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळत गड चढायची. तिच्यासाठी त्यांनी परवा दुपारी कौल लावला आणि डावी पाकळी पडली. पूजा घालून हुकूम फिरवून घेणं फौजी माणसाला जमेना.

"ग्राउंडला जायाचं न्हाई," त्यांनी घरी सांगितलं.

"आबा, एकदा मला इचारू द्या," ती म्हणाली. "मग तुमी म्हनाल तसं."

म्हणून आज दुपारी ते तिला घेऊन पुन्हा गडावर आले. संयोगितानं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माउली, ह्यो म्हाराज खरा हाय का?"

"असलं इचारायचं नसतं," महाराज गडबडले.

"का नसतं? तोफ खरं बोलती न्हवं?" लालासाहेब म्हणाले. "लावा पाकळ्या."

पाकळ्या लागल्या. थोड्या वेळात डावी सुकून वळली आणि पडली. उजवी खुशाल चिकटून होती.

"आवं म्हाराज," गर्दीतल्या शालूबाईंनी तोंडाला पदर लावला, "ती तर न्हाई म्हनली."

"आज माउली कोपली हाय. सकाळी या."

"सकाळीच का?" संयोगिता म्हणाली. "आबा, दोन्ही अंगांना हात लावा बरं. पळून आल्यावर मी हिला टेकती, तवा उजवी बाजू तापल्याली असती."

लालासाहेबांनी हात लावले. डावा तळवा चटकन मागं आला, उजवा गारच राहिला. तोफेचं तोंड उत्तरेला होतं. सकाळचं ऊन उजवीकडून, दुपारचं डावीकडून. तापल्या बाजूची पाकळी आधी सुकणार आणि पडणार, एवढंच. उन्हात नळी तापते हे त्यांनी किती रंगरुटांना शिकवलं होतं, आणि शेंदूर दिसताच स्वतः विसरले होते. त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी छत्री उघडून तोफेवर सावली धरली आणि लोखंड निवल्यावर नव्या पाकळ्या लावायला सांगितल्या. बराच वेळ दोन्ही जागच्या जागी राहिल्या. तेवढ्यात महाराज व्याघ्रांबर गुंडाळून वाटेला लागले.

"ह्या तोफेला हात जोडा, माजी ना न्हाई," लालासाहेब लोकांना म्हणाले. "पन तिला पोराबाळांचं नशीब इचारू नगा. आनि कुनी चमत्कार दावला, तर पाया पडायच्या आदी हात लावून बगा. मी न्हाई बगितलं."

मग ते नातीकडे वळले. "सकाळी किती वाजता उठवू तुला? उद्यापासनं घड्याळ घिऊन मी उभा ऱ्हातो."