बाजूची खिडकी

आत्या गेल्याला चार महिने झाले तरी भाचीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं. वाटायचंच बंद झालं होतं. चहा गार होता हे कप रिकामा झाल्यावर लक्षात यायचं. नवरा म्हणायचा, "अगं, भाजीत मीठ नाहीये." ती म्हणायची, "नाही का?" आणि तशीच जेवत राहायची.

नेम मात्र एकही दिवस चुकला नव्हता. सकाळी तोंड धुतलं की चहाच्याही आधी ती कपाटातला जुना गठ्ठा काढायची, त्यातल्या तीन गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचायची, आणि मग कपाळाला लावून परत ठेवायची. पत्रिकांवरचं अक्षर तिचं होतं. शब्द आत्याचे.

आत्या ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेची, वरिष्ठ परीक्षक होती. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद वाळूचं मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या, आणि त्यात एकटा घोडा नि त्याचा स्वार. कुठल्या पाटीशी दुडकी, कुठं थांबायचं, कुठं तिरकं जायचं, सगळं आधीच ठरलेलं. परीक्षक लाकडी खोपटातून पाहतो आणि प्रत्येक प्रकाराला शून्य ते दहातला एक आकडा देतो. त्याची नजर घोड्यावरून क्षणभरही हलता कामा नये, म्हणून तो आकडा नि शेरा नुसता बोलतो, शेजारी बसलेला लेखनिक लिहून घेतो. आत्याची लेखनिक ती. अकरा वर्षं. थंडीत शाई गोठते म्हणून ती कायम पेन्सिल घेऊन बसायची, तर तिचं नावच 'पेन्सिल' पडलं. पुढं ती स्वतः लहान स्पर्धांची परीक्षक झाली, पण मोठ्या स्पर्धेला आत्याशेजारचं स्टूल तिनं सोडलं नाही.

वरिष्ठ परीक्षकाची परीक्षा आयुष्यात दोनदाच देता येते. पहिल्यांदा ती तीन वर्षांपूर्वी बसली आणि आपटली. सगळ्या घोड्यांना सहा नाहीतर साडेसहा. परीक्षा घेणारे मास्तर तेव्हा म्हणाले होते, "अगं पेन्सिल, कुंपणावर बसायला इथं खुर्ची कशाला हवी?" परतताना गाडीत आत्या म्हणाली, "घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळतं. तू मैदानाकडं बघतच नाहीस. माझ्या तोंडाकडं बघतेस."

"मग काय करू?"

"पुन्हा बस. मी असताना बस."

ते राहूनच गेलं.

आणि आता, आत्या नसताना, सगळं आश्चर्य वाटावं इतकं सोपं झालं होतं. सरावाला ती कुठल्याही खोपटात बसली आणि घोडा आत आला की डाव्या कानाशी आत्याचा आवाज यायचा. सात. मान आखडलेली. साडेपाच. घाईत वळला. तिला भीती वाटली नाही. जे ऐकू येई ते ती बोलायची, शेजारी कोणीतरी लिहायचं, आणि शेवटी तिचे गुण इतर परीक्षकांच्या गुणांशी ताडून पाहिले की फरक अगदी थोडा निघायचा. लोक म्हणायचे, "आत्याचा डोळा उतरलाय हिच्यात." ती मान हलवायची. दिवसातला तेवढाच वेळ पोकळ नसायचा, म्हणून ती सरावाला जात राहिली. ही परीक्षा पास झाली की आयुष्यभर आत्याच्या खुर्चीत बसून आत्याचं ऐकत राहता येईल, एवढाच हिशेब होता. नापास झाली तर खोपटाचं दार बंद, आणि मग तो आवाज येणार तरी कुठं?

परीक्षेला आपला लेखनिक आपणच न्यायचा असतो. तिनं धाकट्या नणंदेला विचारलं.

"मी?" नणंद म्हणाली. "वहिनी, घोड्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, एवढीच माझी अक्कल."

"तुला बघायचं नाहीये. मी बोलेन ते लिहायचं."

"ते येतं मला. वीस वर्षं तेच करतेय."

नणंद कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार शिंकला तरी ती कागदावर उतरवते, असं घरात सगळे चेष्टेनं म्हणत. निघताना नवऱ्यानं डबा हातात दिला आणि म्हणाला, "घोडामैदान जवळच आहे आता."

"झालं!" नणंद म्हणाली. "दादा, हा विनोद तू आठवडाभर राखून ठेवला होतास ना?"

तो हसला. ती हसली नाही, पण तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. तेवढं तिला सुचलं.

परीक्षेच्या जागी एका टोपीत चिठ्ठ्या होत्या. स्पर्धेचे खरे परीक्षक आपापल्या जागी बसणार, आणि परीक्षार्थीनं चिठ्ठीत येईल त्या जागेच्या शेजारच्या खोपटात बसून तेच घोडे पाहायचे. तिच्या चिठ्ठीवर 'ई' निघालं. म्हणजे मैदानाच्या लांब बाजूचा मधला भाग. आत्या प्रमुख परीक्षक, ती नेहमी 'सी'वर, आखूड बाजूला बसायची. तिथून घोडा समोरून अंगावर येताना दिसतो. हे सगळं तिला माहीत होतं. चिठ्ठी घडी घालून तिनं खिशात ठेवली आणि नणंदेबरोबर खोपटात जाऊन बसली.

सकाळी दहा घोडे झाले. आवाज नेहमीसारखा येत होता. खिडकीची काच स्वच्छ होती, बाहेर ऊन होतं, घोडे डावीकडून उजवीकडं नि उजवीकडून डावीकडं जात होते. ती बोलत होती. नणंदेची पेन्सिल थांबत नव्हती. मध्ये एकदा नणंद पुटपुटली, "वहिनी, हा कसला देखणा आहे गं!" तिनं पाहिलं. तपकिरी होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीतच तिला आत बोलावलं. टेबलाच्या पलीकडं मास्तर बसले होते, शेजारी बारीक केसांच्या दुसऱ्या परीक्षक बाई. भिंतीला टेकून नणंद बसली, कारण लेखनिकालाही हजर राहावं लागतं.

"तुझे गुण पाहिले," बाई म्हणाल्या. "दहाच्या दहा घोडे मर्यादेत, खऱ्या परीक्षकांच्या गुणांपासून फारसा फरक नाही. असं सहसा होत नाही."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून एक पत्रिका उचलली. "चौथा घोडा. पहिला प्रकार. आत येऊन मधल्या रेषेवरून सरळ जाणं. तू दिलेस साडेसहा. शेरा: मधल्या रेषेवर डावीकडं झुकतो, दोनदा डोलला." त्यांनी पत्रिका खाली ठेवली. "हे तुला 'ई'वरून दिसलं कसं?"

तिनं पत्रिकेकडं पाहिलं.

"घोडा तुझ्यासमोरून आडवा जातोय. तो रेषेच्या चार बोटं डावीकडं आहे की उजवीकडं, हे बाजूनं ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही. ते 'सी'वरच्याचं काम. आणि 'सी'वरच्यानं काय लिहिलंय सांगू? 'ओळंब्यासारखा सरळ.'"

बाई हलकेच म्हणाल्या, "वळताना वगैरे तसं वाटलं असेल. होतं असं. थोडी तिरपी बसली असशील."

सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं बाईंनी. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

पण मास्तरांचं संपलं नव्हतं. "आणि हे इथं, त्याच ओळीत पुढं: 'बरं, आत्या.'" त्यांनी नणंदेकडं पाहिलं. "हे काय आहे?"

नणंदेचा चेहरा पडला. "त्या बोलल्या, मी लिहिलं. मला वाटलं, घोड्यांच्या भाषेत काही असेल."

कुणी हसलं नाही. तिला एकदम ती पत्रिका आठवली. सकाळीच वाचलेली, तिसरी. आठ वर्षांपूर्वीचा एक काळा घोडा, साडेसहा, मधल्या रेषेवर डावीकडं झुकतो, दोनदा डोलला. शब्दाला शब्द. आज समोरून कुठला घोडा गेला हे तिला आठवेना. काळा होता का? तेही सांगता आलं नसतं.

"वळताना वाटलं का तसं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही. ऐकू आलं ते मी बोलले."

"दहाही घोड्यांना?"

"हो."

बाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. ते आत्याबरोबर तीस वर्षं परीक्षक होते. दोघं एकमेकांच्या आकड्यांवरून जाहीर भांडायचे आणि मग एकाच थर्मासमधला चहा प्यायचे.

"सकाळचं रद्द," ते शेवटी म्हणाले. "खरं म्हणजे तूच रद्द व्हायला हवीस. पण विचारल्यावर खोटं बोलली नाहीस, आणि नियमात दुपारच्या पाच घोड्यांची सोय आहे. त्याच जागी बस. पाचातला एक मर्यादेबाहेर गेला तर चालेल, दोन गेले तर घरी. आणि एक सांगतो. तुझ्या आत्यानं 'ई'वर बसून मधल्या रेषेबद्दल एक अक्षर लिहिलं नसतं. तिथं बसल्यावर तिला ते दिसलं नसतं ना."

खोपटाकडं जाताना नणंद म्हणाली, "वहिनी, मी घाण केली. ते दोन शब्द गाळले असते तर?"

"तू गाळत नाहीस म्हणून तर तुला आणलं," ती म्हणाली. असं काही आपल्या मनात होतं हे तिला बोलल्यावर कळलं.

पहिला घोडा आत आला आणि आवाज आला. सात. ती बोलली नाही. नणंदेची पेन्सिल कागदावर टेकून थांबली. घोडा खिडकीसमोर आला, आणि तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, नुसतं पायांकडं, जसं वाती वळताना बोटांकडं पाहतात. मागचा डावा पाय उजव्याइतका वर येत नव्हता.

"साडेपाच," ती म्हणाली. "मागचे पाय सारखे उचलत नाही."

आवाज पुन्हा आला, जरा हळू. तिनं तो येऊ दिला आणि जाऊ दिला. तिसऱ्या घोड्याच्या वेळी तो आलाच नाही. तिनं डावीकडं मान वळवली, तर तिथं नणंद होती, खाली मान घालून, कानामागं केस खोचलेली.

चौथी एक घोडी होती, मातकट रंगाची, पोट जरा सुटलेलं; सकाळच्या घोड्यासारखं हिला कुणी देखणी म्हटलं नसतं. तिची दुडकी बेताची, वळणं ओबडधोबड. सहा, साडेपाच, सहा. मग मोकळ्या चालीचा प्रकार आला. लगाम सैल सोडायचा आणि घोड्यानं लांब पावलं टाकत तिरकं मैदान ओलांडायचं. स्वारानं हात पुढं केले, घोडीनं मान खाली सोडली, आणि ती चालू लागली.

अकरा वर्षं तिनं ही चाल समोरून पाहिली होती. समोरून दिसतं ते डोकं नि छाती. बाजूनं पाय दिसतात. घोडीचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडत नव्हता. ठसा ओलांडून पार दोन खूर पुढं पडत होता. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक खूर वेगळा, एकाही ठोक्याला घाई नाही, जणू एवढी एकच गोष्ट देवानं तिला पोटभर दिली होती.

तिनं आत्याच्या आवाजासाठी कान दिला. काही नव्हतं. वाळूचा आवाज होता फक्त.

"आठ," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. थांब. साडेआठ."

"शेरा?" नणंदेनं विचारलं.

"पुरेपूर चालते."

नणंदेनं तेच लिहिलं.

निकाल संध्याकाळी मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितला. पाचातले चार मर्यादेत. मातकट घोडी बाहेर. "त्या चालीला बाकी कुणीही सातच्या वर दिलेले नाहीत," ते म्हणाले. "तू साडेआठवर जाऊन बसलीस. एका घोड्याची मुभा होती, ती तू तिच्यावर उधळलीस."

"हो."

"बदलायचाय आकडा? आता बदलून उपयोग नाही, पण विचारतो."

"नको."

"हं," मास्तर म्हणाले आणि सही केली. कागद तिच्या हातात दिला. "मीही त्या वेळी 'ई'जवळच उभा होतो." एवढंच बोलले आणि थर्मास उचलून गेले.

गाडीत बसल्यावर नणंदेनं तिथूनच घरी फोन लावला. "दादा, पास! अरे हो, पास! नाही, रडत नाहीये ती. नाही, हसतही नाहीये. तुला माहीत नाही का ती कशी आहे?" फोन ठेवून तिनं डबा उघडला. सकाळपासून दोघींनी हात लावला नव्हता. "भाजीला मीठ आहे का बघ, वहिनी. हल्ली तुझा भरवसा नाही."

तिनं घास घेतला. "कमी आहे," ती म्हणाली.

"अरे वा." नणंद चावत राहिली. मग सहज म्हणाली, "ती जाडी घोडी. तिला तुझ्या आत्यांनी किती दिले असते गं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. अकरा वर्षांत हा प्रश्न असा कधी अडला नव्हता. आत्याचा आकडा आत्याच्याही आधी तिला ठाऊक असायचा. ती थांबली, डाव्या बाजूला जरा कललीसुद्धा. काचेबाहेर रिकामं मैदान होतं आणि एक माणूस दंताळं ओढत वाळूतले ठसे पुसत चालला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

नणंदेनं डब्याचं झाकण खाली ठेवलं आणि पिशवीतून रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. तो कशाला हे तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.