प्रुइट यांच्या नावापुढची रिकामी जागा

मी पाहुण्यांची नोंदवही बोलतेय. ओहायोतल्या हॅल्सी स्ट्रीटच्या सरकारी प्राथमिक शाळेत, कचेरीच्या काउंटरवर माझी जागा आहे. माझ्या प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: नाव, आल्याची वेळ, कोणाकडे, काम काय, गेल्याची वेळ. माझ्यात सही केल्याशिवाय कोणाही मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत.

आम्ही सहा बहिणी एकाच खोक्यातून आलो. पाचजणी भरल्या आणि तळघरातल्या कपाटात गेल्या. मी शेवटची. माझी मालकीण मिसेस टिब्स, शाळेची कारकून. एकोणीस वर्षं ती याच खुर्चीत आहे. नऊ वाजून दहा मिनिटांनी येऊन नऊ लिहिणाऱ्याला ती परत बोलावते आणि खाडाखोड न करता खाली नवीन ओळ लिहायला लावते. तिच्याकडून मी एक शिकले. आलेला माणूस खरं सांगत असेलही, पण आधी घड्याळ बघावं.

फेब्रुवारी लागला की बालवर्गात मूल घालणारे आईबाप शाळा बघायला येऊ लागतात. ज्या भागात घर, त्या भागातली शाळा फुकट मिळते, आणि फुकट मिळतं त्यावर माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. कोणी मुतारीचा वास घेऊन येतं. कोणी व्हरांड्यातल्या पोराला गाठून विचारतं, "खरं सांग, बाई ओरडतात का?" आमच्या शाळेला इंटरनेटवर दहापैकी चार गुण आहेत, ते बहुतेकजण पाठ करून येतात. एका बाईंनी तर मिसेस टिब्सलाच विचारलं, "तुमची मुलं कुठल्या शाळेत होती?"

"याच," मिसेस टिब्स म्हणाली. "आणि दोघंही तुरुंगाबाहेर आहेत."

बाई हसल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात त्यांनी वेळ लिहिली आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

मार्चमधल्या एका मंगळवारी ड्वेन आणि रेनाटा प्रुइट आले. तो पावाच्या गाडीवर काम करतो. पहाटेपासून दुकानांना माल पोचवून तो तसाच, जाड बुटांनिशी आला होता. त्याने माझी मागची दोन पानं उलटून पाहिली.

"हे काय चाललंय?" मिसेस टिब्सने विचारलं.

"किती आईबाप येऊन गेले ते बघत होतो."

"ती इतरांची नावं आहेत, मिस्टर प्रुइट. तुमची ओळ खाली आहे."

रेनाटाने त्याला कोपर मारलं. "अरे, सही कर ना गपचूप!"

त्यांची मुलगी ओपल पाच वर्षांची. घरी पोपटासारखी बोलते, उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. आधीच्या बालवाडीत 'बोल, मगच खाऊ' म्हणून तिला उभं ठेवायचे. हे रेनाटाने काउंटरवरच सांगून टाकलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत सोडतीत ओपलचा नंबर लागला होता. तिथे जागा हवी की नको, हे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. एकदा सोडली की गेली.

हेडमास्तर गॅरिटी त्या दिवशीच्या सात पालकांना घेऊन आत गेले. पाऊण तासाने पालक परत आले आणि एकेकाने जाण्याची वेळ लिहिली. रेनाटानेही लिहिली, दहा वाजून दोन मिनिटं. ड्वेन पुढे जाऊन गाडी गरम करत असेल असं समजून ती बाहेर पडली. मिसेस टिब्स दुधाच्या क्रेट कमी आल्याबद्दल फोनवर भांडत होती. ड्वेनच्या नावापुढची जागा रिकामी होती. मला ती दिसत होती, पण मी ओरडणार कशी?

दहा वाजून बारा मिनिटांनी आगीच्या सरावाची घंटा झाली. अशा वेळी मिसेस टिब्स पर्स विसरते, मला विसरत नाही. मला बगलेत मारून ती मैदानावर आली. मुलांच्या रांगा लागल्या, वर्गावर्गाच्या बाईंनी मोजणी केली. मिसेस टिब्सने माझं पान उघडलं, बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं.

"एक पाहुणा आत आहे," ती गॅरिटींना म्हणाली. "प्रुइट."

आवारातल्या गाडीतून रेनाटा धावत आली. "तो इथे नाहीये? अहो, गाडीत नव्हता, म्हणून मला वाटलं, इथेच कोणाशी बोलत असेल..."

गॅरिटींचा चेहरा उतरला. मुलांच्या शाळेत अनोळखी पुरुष कुठे आहे हे माहीत नसणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला समजत होतं. ते पोलिसांना फोन लावणार तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. बालवर्गाच्या मिस हार्लन कानांवर हात दाबलेल्या एका मुलीला कडेवर घेऊन आल्या. पाठोपाठ त्या मुलीचा एक बूट हातात धरून ड्वेन प्रुइट.

"कुठे होतात तुम्ही?" गॅरिटींनी विचारलं.

"वर्गाबाहेर. मुलांचे कोट टांगलेत ना, त्यांच्या मागे."

"कोटांच्या मागे!" मिसेस टिब्स कडाडली. "लाज वाटत नाही? चाळिशीचा माणूस शाळेत लपून बसतो!"

"पाहुण्यांसमोर सगळेच गोड बोलतात, बाई. पाहुणे गेल्यावर काय बोलतात ते मला ऐकायचं होतं." तो रेनाटाकडे वळला. "ऐकलं मी. ही विनी, हिची वर्गापुढे काही सांगायची पाळी आली, ही गप्प. तर या म्हणाल्या, 'तुझी पाळी ठेवून देते, हवी तेव्हा माग.' आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. बस्स, एवढंच!"

रेनाटाचे डोळे भरले. मिस हार्लन विनीला बूट घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुमचे बूट दिसत होते."

"काय?"

"कोट लहान मुलांचे आहेत, मिस्टर प्रुइट. गुडघ्यापासून खाली तुम्ही पूर्ण दिसत होता. कचेरीत कळवायला फोन उचलला आणि घंटा झाली."

ड्वेनचा चेहरा पडला. "कधी दिसले? विनीच्या आधी की नंतर?"

"एकवीस मुलं असतात माझ्यापुढे. आठवत नाही."

"म्हणजे मला ऐकवायला बोललात?"

"तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या," मिस हार्लन म्हणाल्या आणि रांगेच्या पुढे गेल्या.

तो मिसेस टिब्सकडे आला. "तुमच्या वहीत असेल ना काही?"

काय असणार? माझ्यात आल्याची वेळ असते आणि गेल्याची असते. मधल्या वेळेत माणूस कसा वागला, याचा रकाना मला नाही. गॅरिटींनी त्याला महिनाभर आत यायला बंदी केली. जाण्याची वेळ मिसेस टिब्सने स्वतःच्या हाताने भरली आणि खाली रेघ मारली.

शुक्रवारी दुपारी रेनाटा एकटी आली. ड्वेन बाहेर गाडीत बसला होता.

"काय ठरलं?" मिसेस टिब्सने विचारलं.

"रात्रंदिवस त्याचं एकच. आधी की नंतर, आधी की नंतर. शेवटी मी म्हटलं, अरे, आधी दिसले असतील तर असू देत. गप्प पोरीशी कसं वागायचं ते त्या बाईला माहीत तरी आहे. ढोंगालासुद्धा अक्कल लागते." तिने फॉर्म मागितला. "तो म्हणाला, तू सही कर, मी लक्ष ठेवतो."

ड्वेनने दुसऱ्या शाळेची जागा गाडीतूनच फोन करून सोडली. काचेतून मला त्याचे ओठ हलताना दिसले.

आता ऑक्टोबर आहे. माझी चारच पानं उरली आहेत. पुढच्या महिन्यात काउंटरवर पाहुण्यांचा फोटो काढणारं यंत्र बसणार आहे. ड्वेन दर शुक्रवारी पाव पोचवून झाल्यावर येतो आणि दारातूनच विचारतो, "बोलली का?"

"ते मला सांगता येत नाही, मिस्टर प्रुइट. मिस हार्लनना विचारा."

"त्या म्हणतात, दोन शब्द बोलली. ओपल म्हणते, खूप बोलले."

"मग?"

"दोघींतलं खरं कोणाचं?"

"अहो, आता पोटच्या पोरीवरही संशय!" मिसेस टिब्स हसते आणि दार उघडणारा बझर दाबून त्याला आत घेते.

मी हसू शकत नाही, कारण खरं काय ते मलाही माहीत नाही. मुलांची सही माझ्यात होत नाही आणि बालवर्गाचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही. तुम्ही शाळा बघायला याल तेव्हा भिंती बघा, मुतारी बघा, वाटेल तेवढा संशय घ्या. फक्त जाण्याची वेळ लिहायला वाकाल तेव्हा मला हळूच सांगून जा. ओपल बोलते का?