मागायच्या आधी आभार

सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत सतरा फोन आले आणि सतराही जणांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, मी कधी दिले पैसे?"

पहिल्या फोनला झोळीताई हसल्या. तिसऱ्याला मात्र उठून कपाटाशी गेल्या. आत पिवळ्या सुतळीने बांधलेलं खोकं आणि त्यात तीनशे बारा पाकिटं जशीच्या तशी! वरचं फोडून बघतात तर काय, विनंतीपत्र. म्हणजे टपालात गेलं ते दुसरं खोकं, आभाराचं. मागायच्या आधीच बाईंनी तीनशे बारा लोकांचे आभार मानून टाकले होते.

दोष द्यायचा तरी कुणाला? दोन्ही खोकी त्यांनीच बांधलेली, तीही एकाच सुतळीने. पंधरा वर्षं त्या संस्थेसाठी देणग्या मागत होत्या, म्हणून तर कारखान्यातल्या लोकांनी लाडाने झोळीताई नाव पाडलेलं. इतकी वर्षं देणगी आली की नुसती पावती जायची. यंदा त्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि नियमच घेऊन आल्या, की अठ्ठेचाळीस तासांत आभार गेलेच पाहिजेत. म्हणून पत्रं आधीच छापून, सह्या करून तयार. हौस हो, दुसरं काय!

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण कारखाना होता मुलांच्या कृत्रिम पायांचा, आणि मुलं काही वाढायची थांबत नाहीत. दर वर्षी नवा पाय लागतो. प्लास्टिकचा पत्रा तापवायची भट्टी महिन्यापूर्वी जळाली होती. भिंतीवरच्या खिळ्यांना तेवीस मुलांच्या मापांचे कागद लटकत होते. व्यापाऱ्याने एक भट्टी जुन्या भावात शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत राखून ठेवलेली. सगळी भिस्त त्या विनंतीपत्रावर होती.

पाय बनवणारे मास्तर म्हणाले, "गप्प बसा की. लोक ओशाळतील आणि देतील."

मोह झाला, खोटं कशाला बोला. पण ताईंनी फोन जवळ ओढला.

"नाही हो मास्तर. ओशाळून देणारा माणूस पुढच्या वर्षी आपलं पाकीट फोडतसुद्धा नाही. मी फोन करते. सगळ्यांना."

"तीनशे बारा?"

"सतरा झाले की आताच!"

आणि बाईंनी पदर खोचला. "नमस्कार, चूक माझी आहे, पत्र चुकून गेलं, तुमच्यावर काही ओझं नाही," एवढंच सांगायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. एकाने खाडकन फोन ठेवला. दातांच्या एका डॉक्टरीणबाई खोकला येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, "आता आभार मानलेतच, तर फुकट कशाला घेऊ?" एका किराणा दुकानदाराने आधी झापलं, मग "तुमची भट्टी कितीला?" असं विचारलं. बुधवारी ताईंचा आवाज बसला. गुरुवारी मास्तरांनी त्यांना गरम पाणी आणून दिलं आणि शुक्रवारी स्वतःच यादीचं एक पान घेऊन बसले. पैसे येत होते! शनिवारी दुपारी फक्त चाळीस हजार कमी होते आणि यादीत एकच नाव उरलं होतं, ते फोनच उचलत नव्हतं.

तीन वाजता तेच दारात उभे राहिले. ड्रायव्हिंग शाळेचे मालक, सगळ्या भागात क्लचकाका म्हणून प्रसिद्ध. शिकाऊ माणसावर ओरडायची सवय घरीदारी सारखीच. हातात आभाराचं पत्र.

"काका, ते पत्र चुकून..."

"थांबा. ब्रेक लावा." ते बसले. खिशातून टाचणी लावलेल्या पावत्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. "सात वर्षं दिले मी. सात पावत्या आल्या. विजेच्या बिलावर याहून जास्त मजकूर असतो. सहा वर्षांपूर्वी बंद केलं. आणि आता, काहीही न देता, हे! यात म्हणे कुणी मुलगी शाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या चढते. ही मुलगी खरी आहे, की छापलेली?"

मास्तरांना हे झोंबलं. ताडकन उठून त्यांनी खिळ्यावरून तिच्या मापांचा गठ्ठा ओढला आणि पावत्यांशेजारी आपटला. "बघा! पहिलं माप तीन वर्षांची होती तेव्हाचं. हे आताचं, नऊ वर्षांची. छापलेली म्हणे!"

ताई माफी मागायला पुढे वाकल्या आणि तशाच थांबल्या. कुणाच्या पैशातून कुठला पाय झाला ते कळावं म्हणून मास्तर मापाच्या कोपऱ्यात पावतीचा नंबर लिहीत. 'मास्तरांचं आकड्यांचं वेड' म्हणून ताई त्यांना चिडवायच्या. आज सगळ्यात खालच्या, तळहाताएवढ्या पावलाच्या कागदावर कोपऱ्यात जो नंबर होता, तोच क्लचकाकांच्या शेवटच्या पावतीवरही होता. त्यांनी दोनदा ताडून पाहिला.

"काका," त्यांचा बसलेला आवाज आणखीच फाटला, "मी माफी मागत नाही. हे पत्र चुकून आलेलं नाही. तिचा पहिला पाय तुमचा आहे. पत्र तुमचंच आहे, फक्त सहा वर्षं उशिरा आलंय."

काकांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. मागायला टपलेली जीभ ताईंनी दातांखाली धरली.

"ही एक ओळ तेव्हा लिहिली असतीत," शेवटी काका म्हणाले, "तर मी थांबलो असतो का हो?"

ताईंना रडू आलं आणि त्या रडल्या.

"बरं, पुरे. तिचं हे नवं माप भिंतीवर का लटकतंय?"

"भट्टी नाही म्हणून."

"अरे मग बोला ना! गाडी चढावर उभी करून गप्प काय बसलाय?" काकांनी वीस हजारांचा चेक फाडला, ताईंना खुर्चीवरून उठवलं आणि फोन ओढून घेतला. त्यांनी शहरातल्या ड्रायव्हिंग शाळावाल्यांना एकेक करून लावला. "ऐक. एक मुलगी आहे. तीन वर्षांची असताना..." प्रत्येक वेळी तीच गोष्ट आणि प्रत्येक वेळी फोन ठेवला की ताईंच्या कागदावर एक नवा आकडा. पाचला दहा मिनिटं असताना मास्तरांनी व्यापाऱ्याला कळवलं, भट्टी पाठवा!

निघताना क्लचकाकांनी नवी पावती घडी करून जुन्या सातांना टाचली.

"याचंही पत्र येणार?"

"अठ्ठेचाळीस तासांत," ताई म्हणाल्या.

"छापलेलं नको," काका म्हणाले. "तिलाच लिहायला सांगा. आणि घाई नाही, आधी नवा पाय घालून जिना चढू दे."