अकरा वर्षांची अरबी

“परत म्हण, आई. सावकाश.”

सुपारी सोलता सोलता इंदूबाई परत म्हणाल्या, “हादिर.” म्हणजे आत्ता करते, आत्ता आणते. कुवेतला अकरा वर्षं घरकाम करताना हा शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला होता की श्रीवर्धनला परतल्यावरही कुणी हाक मारली की आधी तोच तोंडात यायचा.

त्यांची लेक रचना बी.ए.ला इंग्रजी आणि अरबी घेऊन बसली होती. इंग्रजीसाठी तिने घरभर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. बाबासाहेबांची तसबीर तेवढी सुटली, मिठाची बरणीसुद्धा सुटली नाही. अरबीसाठी मात्र चिठ्ठी नव्हती, आई होती. मुलं भाषा कशी शिकतात याचे फॉर्म विद्यापीठाने भरून घेतले, तेव्हा ‘सराव कुणाबरोबर करता?’ यापुढे तिने ‘आईबरोबर’ असं लिहिलं. ते ऐकून सातवी नापास इंदूबाईंना दोन दिवस कमरेचं दुखणं आठवलं नव्हतं.

आज अरबीची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर नवी मुंबईच्या इस्पितळात अरब रुग्णांशी बोलायची नोकरी मिळणार होती. नापास झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

संध्याकाळच्या एसटीने रचना परतली आणि उंबऱ्यातच बसली. इंदूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“काय इचारलं गो बाय?”

“परीक्षेच्या बाई विचारत होत्या तोवर बरं चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, आता मी पेशंट. तू मला विचार, काय दुखतंय, कधीपासून.”

“मंग?”

“एक प्रश्न सुचला नाय, आई. उठून उभी राहिले, मान खाली घालून. हादिर म्हटलं. बस म्हणाल्या, तरी बसले नाय. पुढच्या खेपेला ये म्हणाल्या.” तिने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. “पुस्तकात होते सगळे प्रश्न. मी पानं उलटलीच नाय. म्हटलं, घरात आई हाय.”

इंदूबाईंनी अकरा वर्षं चाचपून पाहिली. उशीर का केलास, कप कुणी फोडला, हे सगळं त्यांना विचारलं गेलं होतं. त्यांनी स्वतः कुणाला कधी काही विचारलं नव्हतं. स्वतःची आई वारल्याचा फोन आला तेव्हा घरी जाऊ का, एवढंही नाही. हादिर म्हणून उरलेली इस्त्री संपवली होती. त्यांना पोरीपुढे लाज वाटली आणि फार थकायला झालं.

“वाच तं पुस्तक,” त्या म्हणाल्या. “मला इचार.”

रचनाने पान काढलं, अडखळत अरबीत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं, “कुठं दुखतंय? कधीपासून?”

त्या भाषेत हे त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. इंदूबाईंच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. तो त्यांनी गिळला. दुखण्याचा शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी कमरेवर हात ठेवला.

“हितं,” त्या म्हणाल्या. “कुवेतपासून.”